कामगारांचे आद्य कैवारी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

समाजाच्या स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे छापण्याची प्रथा जुनी आहे आणि ती चांगलीही आहे. मात्र या प्रथेत एक धोका असतो. थोर पुरुषाचे छायाचित्र छापले, जन्म-मृत्यूची साले दिली आणि तो आपल्या ज्ञातीचा होता असे अभिमानाने नमूद केले, की आपले कर्तव्य संपले असे वाटू लागते. पुढल्या वर्षी दुसरे छायाचित्र येते आणि मागचा पुरुष पुन्हा विस्मृतीत जातो. या वर्षी आम्ही ज्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांच्या वाट्याला असे विस्मरण पुष्कळ आले आहे, आणि म्हणूनच ते थोडे विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

दुसरेही एक कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या पुणे शहराने देशव्यापी संपाच्या हाका वारंवार ऐकल्या. २६ नोव्हेंबर २०२० रोजी, २८ व २९ मार्च २०२२ रोजी, आणि ९ जुलै २०२५ रोजी देशातील बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटनांनी सरकारी धोरणांविरुद्ध संप पुकारला. संसदेने २०१९ व २०२० या वर्षांत मंजूर केलेल्या चार कामगार संहिता हा या संपांतील एक मोठा वादविषय होता. आपल्या सभासद कुटुंबांत कारखान्यांत, बँकांत, टपाल आणि विमा कचेऱ्यांत नोकरी करणारी मंडळी आहेत, तशीच दुकाने, रोपवाटिका, गुऱ्हाळे आणि लहानमोठे कारखाने चालविणारी मंडळीही आहेत. एकाच घरातला थोरला भाऊ मालक व धाकटा कामगार, असाही प्रकार विरळा नाही. तेव्हा संपाच्या दिवशी घरोघर मतभेद झाले असल्यास नवल नाही. त्या संहितांच्या गुणदोषांचा निवाडा करणे हे या स्मरणिकेचे काम नव्हे. परंतु कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई या गोष्टी कामगारांच्या नावाने या देशात पहिल्यांदा लेखी मागण्यांच्या रूपाने कोणी मांडल्या, हे तरी दोन्ही पक्षांना ठाऊक असावे. ते काम करणारा पुरुष आपल्या फुलमाळी समाजात जन्मला होता.

नारायणरावांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. त्यांचा जन्म ठाणे येथे १८४८ साली एका गरीब कुटुंबात झाला. याच साली पुण्यात जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली होती. ज्या घरात अक्षरओळख हीच अपूर्वाई, तेथील मुलगा ठाण्यात इंग्रजी शिक्षण घेऊन मॅट्रिकपर्यंत पोहोचला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती. नारायणरावांनी प्रथम रेल्वेच्या कचेरीत व नंतर टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मुंबईतील मांडवी येथील एका कापड गिरणीत ते स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही स्टोअरकीपरची जागा त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची ठरली. गिरणीची कचेरी एका बाजूस आणि खाती दुसऱ्या बाजूस, अशा मधल्या ठिकाणी बसणाऱ्या मनुष्यास दोन्हीकडचे दिसते. साहेबाच्या टेबलावरचे हिशेब त्यास वाचता येतात आणि साच्यावरून थकून आलेल्या माणसाचा चेहराही त्याच्यासमोर असतो. नारायणरावांना दोन्ही दिसले, आणि पांढरपेशा नोकरीच्या उंबरठ्यावर पोहोचलेला हा तरुण पाठ फिरवून पुढे निघून गेला नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्राचे मर्म या एका गोष्टीत आहे.

त्या वेळच्या गिरण्यांची स्थिती आज कल्पनेतही आणणे कठीण आहे. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा आरंभ १८५४ सालचा. पुढील पंचवीस-तीस वर्षांत घाटावरून आणि कोकणातून हजारो कुटुंबे मुंबईत उतरली. पुणे, सातारा, रत्नागिरी जिल्ह्यांतले कुणबी, माळी, मराठे, महार सर्व त्यांत होते. विजेचे दिवे अद्याप आले नव्हते, म्हणून गिरणीचे घड्याळ म्हणजे प्रत्यक्ष सूर्य. पहाट फुटता काम सुरू व्हावयाचे आणि दिवस मावळता बंद व्हावयाचे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांपर्यंत लांबत असे. दुपारच्या विश्रांतीची ठरलेली वेळ नव्हती. आठवड्याची सुट्टी अशी वस्तूच नव्हती. सणावारी गिरणी बंद राही, पण त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी माणसांना बोलावीत. एका महिन्याचा पगार दुसरा महिना सरत आला तरी हाती पडत नसे, आणि तोपर्यंत वाण्याचे उसने व सावकाराचे व्याज चालू राही. पट्ट्यात हात सापडून मनुष्य निकामी झाला, तर त्याचा आणि गिरणीचा संबंध तेथेच संपे.

सरकारने १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा केला. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या यांत्रिक कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याचे मुख्य सार होते. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या कामाच्या तासांबद्दल कायदा मुका होता.

इकडे पुण्यात निराळीच घडामोड चालली होती, आणि नारायणरावांचे कार्य समजण्यासाठी तिच्याकडे वळले पाहिजे. २४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाच्या वार्ता छापण्यास तत्कालीन वृत्तपत्रे नाखूष असत. ती उणीव भरून काढण्याकरिता पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे, कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ पासून पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले. भालेकरही माळी समाजातीलच. पदरमोड करून त्यांनी ते चालविले, परंतु द्रव्याअभावी ते फार काळ टिकेना. तेव्हा १८८० साली ‘दीनबंधु’ मुंबईस गेला आणि त्याची संपादकी नारायणरावांनी पत्करली. मुंबईतील तेलुगु भाषक सत्यशोधकांनी, विशेषतः रामय्या व्यंकय्या अय्यावारू प्रभृतींनी, या कामी साहाय्य केले. नारायणरावांनी गिरणीतील नोकरीचा मोह सोडला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत, सुमारे सतरा वर्षे, हे पत्र चालविले.

पुण्यात सत्यशोधक समाजाने शेतकऱ्याला आणि शूद्रातिशूद्रांना एक गोष्ट शिकविली होती. आपले दुःख हे पूर्वजन्मीचे फळ नसून माणसांनी केलेल्या व्यवस्थेचा परिणाम आहे आणि माणसांनी केलेली व्यवस्था माणसांना बदलता येते, ही ती शिकवण. नारायणरावांनी ही पुण्याची शिकवण मुंबईच्या गिरणीत नेली. पट्ट्यात तुटलेला हात हे नशीब नव्हे, तर पट्ट्याला संरक्षक झाकण न लावल्याचे फळ आहे, असे एकदा कामगारास पटले की भरपाईची मागणी आपोआप पुढे येते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची कैफियत लेखी मांडली होती. दोनच वर्षांनी त्यांचा हा अनुयायी गिरणी कामगारांची कैफियत घेऊन दुसऱ्या एका आयोगापुढे उभा राहिला.

तो प्रसंग असा. १८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक फॅक्टरी कमिशन नेमले. कमिशनसमोर मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार. कामगारांच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न मात्र कोणाच्या ध्यानीही नव्हता. नारायणरावांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या २३ व २६ तारखांस परळ भागात कामगारांच्या सभा भरविल्या आणि मागण्यांचा एक मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. दर रविवारी सर्वांस पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाच्या आधी सुरू होऊ नये आणि सूर्यास्तास थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर असता इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची तरतूद व्हावी. अशा त्या पाच मागण्या होत्या, आणि त्यांच्याखाली सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या.

वाचकांनी या आकड्यावर क्षणभर थांबावे. ज्या काळी कामावर ठेवणे आणि काढणे जॉबरच्या लहरीवर अवलंबून असे, त्या काळी कागदावर आपले नाव लावणे म्हणजे उद्याची भाकरी पणास लावणे होते. सह्या करणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो कागद वाचताही येत नसावा. त्यांना तो वाचून दाखवावयाचा, त्यातले प्रत्येक कलम समजावून द्यावयाचे, मनातली भीती घालवावयाची, आणि मग नाव लिहून घ्यावयाचे. असे साडेपाच हजार वेळा. आज आपण जिला संघटना म्हणतो ती अशाच कामातून जन्मास येते. संपाचा दिवस जगाला दिसतो, परंतु त्याच्या आधीचे महिने कोणास दिसत नाहीत. नारायणराव त्या न दिसणाऱ्या कामाचे आपल्या देशातील पहिले कारागीर होत.

संप त्यांच्या आधीही झाले होते, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १८६२ साली हावडा येथील रेल्वे कामगारांनी कामाच्या तासांसाठी संप केला होता. १८७७ साली नागपूरच्या एम्प्रेस मिलमधील कामगारांनी मजुरीच्या दरांवरून काम थांबविले होते. परंतु हे उद्रेक विझले की मागे काही राहत नसे. एका गिरणीचे दुःख हे सर्व गिरण्यांचे दुःख आहे, आणि ते सरकारच्या धोरणाशी निगडित आहे, असे सर्वांच्या वतीने एका आवाजात सांगण्याची पद्धत नारायणरावांनी घालून दिली.

१८८४ च्या त्या अर्जाचे तत्काळ काही फळ आले नाही. कमिशनने अहवाल दिला, तो दप्तरात गेला, आणि कायदा होता तसाच राहिला. दुसरा कोणी असता तर निराश होऊन थांबला असता. नारायणराव पाच वर्षे लिहीत राहिले, सभा घेत राहिले. १८८९ साली त्यांनी पुन्हा सरकारकडे अर्ज धाडला. मग आला २४ एप्रिल १८९०. त्या दिवशी मुंबईत महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. एकोणिसाव्या शतकात हजारो पुरुषांसमोर उभे राहून आपल्या श्रमाची कहाणी सांगणाऱ्या त्या दोन भगिनींची नावे इतिहासाने जपली असती तर किती बरे झाले असते! ज्या पुण्यात सावित्रीबाईंनी मुलींच्या हाती पाटी दिली, त्या पुण्याच्या विचाराचे एक फळ महालक्ष्मीच्या मैदानावर दिसले, असे आम्ही म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

सभेतर्फे गिरणीमालक संघाकडे साप्ताहिक सुट्टीचा अर्ज गेला. आणि १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. युरोपातील कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी पहिला मे दिन पाळला तो १ मे १८९० रोजी, म्हणजे महालक्ष्मीच्या सभेनंतर अवघ्या आठवड्याने. दोन्हींचा परस्परसंबंध होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु जगातील श्रमिक एकाच वसंतात एकाच प्रकारची मागणी करीत होते, आणि त्यांत मराठी गिरणी कामगार मागे नव्हता, ही गोष्ट आपल्या मुलांस सांगण्याजोगी खास आहे.

रविवारच कां, याविषयी आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. गिरणीतला पुष्कळसा मराठी कामगार खंडोबाचा भक्त, तेव्हा त्याला त्या दिवशी देवाचे करावयास मोकळीक असावी, असे नारायणरावांनी मांडले म्हणतात. गोष्ट कशीही असो, तीत तथ्याचा एक अंश आहे. कामगारास केवळ थकवा घालविण्यासाठी नव्हे, तर मनुष्य म्हणून जगण्यासाठी, म्हणजे देव, मुलेबाळे, वाचन आणि सभा यांसाठी एक दिवस हवा, हे तत्त्व त्या मागणीच्या मुळाशी होते.

सप्टेंबर १८९० मध्ये हिंदुस्थान सरकारने नवे फॅक्टरी कमिशन नेमले. मुंबईतर्फे सोराबजी शापूरजी बंगाली हे कामगारांचे हितचिंतक पारशी गृहस्थ त्यावर होते, आणि मुंबईच्या कामासाठी नारायणरावांनाही सहभागी करून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी दाराबाहेरून अर्ज देणारा मनुष्य आता आत येऊन बसला. पुढे १८९१ चा फॅक्टरी कायदा झाला. त्याने पन्नास किंवा अधिक माणसांचे कारखाने कक्षेत आणले, साप्ताहिक सुट्टी व मधली अर्ध्या तासाची विश्रांती दिली, स्त्रियांच्या कामास अकरा तासांची मर्यादा घातली, मुलांचे किमान वय नऊ केले आणि चौदा वर्षांखालील मुलांचे काम सात तासांवर आणले. पुरुषांचे तास तेवढे तसेच राहिले.

या यशावर त्या काळीही आक्षेप होते आणि नंतरही घेतले गेले. चरित्रलेखकाने ते लपविता कामा नयेत. पहिला आक्षेप असा, की फॅक्टरी कायद्यांमागे मँचेस्टर आणि लँकेशायर येथील कापड व्यापाऱ्यांचा स्वार्थ होता. हिंदी गिरण्यांचा माल महाग व्हावा आणि त्यांचा खपावा, ही त्यांची इच्छा. यात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच अनेक देशी पत्रांनी या कायद्यांस विरोध केला. मात्र पुण्यात, आगरकरांच्या प्रभावाखाली असता, ‘मराठा’ पत्राने कामगारांची बाजू घेतली होती, हेही नमूद केले पाहिजे. नारायणरावांची भूमिका सरळ होती. लँकेशायरचा हेतू वाईट असेल, म्हणून हिंदी मालकाने हिंदी मजुरास चौदा तास राबविणे चांगले ठरत नाही. देशी धंद्याची भरभराट मजुराच्या हाडांवर उभारावयाची काय, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला समाधानकारक उत्तर देणे कोणास साधले नाही.

दुसरा आक्षेप असा, की त्यांच्या गिरणी कामगार संघास सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, घटना व नियम नव्हते. तेव्हा ती खरी कामगार संघटना नव्हेच, असे काही अहवालांत व इतिहासग्रंथांत म्हटले आहे. हेही खोटे नाही. ज्या देशात कामगार संघटनांस मान्यता देणारा कायदा १९२६ साली झाला, तेथे त्याच्या छत्तीस वर्षे आधी वर्गणीच्या पावत्या शोधणे आम्हांस तरी रास्त वाटत नाही. पाया खणणाऱ्यास कळस कोठे आहे असे विचारू नये.

नारायणरावांचे लक्ष गिरण्यांपुरतेच नव्हते. विधवांच्या केशवपनाची क्रूर चाल बंद पडावी म्हणून त्यांनी १८९० साली मुंबईतील नाभिकांची सभा भरविली आणि शेकडो नाभिकांनी ते काम यापुढे न करण्याचा निश्चय केला. हाही एक संपच होता. त्यात पगारवाढीची मागणी नव्हती. दुसऱ्या जातीतल्या स्त्रीची विटंबना आपल्या हातून होऊ देणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. आपल्या मिळकतीचा एक भाग सोडून परक्याच्या दुःखासाठी काम थांबविणाऱ्या त्या नाभिक बांधवांचे स्मरण आपण सर्वांनी ठेवावे.

महात्मा फुले यांच्याविषयी त्यांची भक्ती अलोट होती. मे १८८८ मध्ये मुंबईतील मांडवी येथे जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण करण्याचा जो समारंभ झाला, त्यात नारायणराव पुढे होते. पण गुरुशिष्यांत मतभेदही झाले. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’त छापल्यावर पुढील भाग छापणे नारायणरावांनी थांबविले, आणि त्याबद्दल जोतीराव नाराज झाले. कठोर भाषेमुळे पत्रावर संकट येईल ही संपादकाची भीती असावी. त्या वेळी कोण बरोबर होते, याचा निर्णय आज करण्यात अर्थ नाही. मतभेदानंतरही दोघांचे कार्य एकाच दिशेने चालू राहिले, हे महत्त्वाचे. रविवारची सुट्टी मिळाल्याचे वर्ष जोतीरावांच्या आयुष्याचे अखेरचे वर्ष ठरले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी पुण्यात देह ठेवला.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भयंकर दंगल झाली. गिरणगाव पेटले होते. एका खात्यात शेजारी शेजारी काम करणारी माणसे एकमेकांच्या जिवावर उठली होती. नारायणराव वस्त्यावस्त्यांतून फिरले, त्यांनी सलोख्यासाठी सभा घेतल्या. पुढे १८९५ साली सरकारने त्यांस रावबहादूर हा किताब दिला. किताब घेतला म्हणून त्यांस सरकारधार्जिणे म्हणणारेही आहेत. परंतु किताबाने त्यांचे राहणे बदलले नाही आणि अर्ज-विनंत्यांचे कामही थांबले नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. गिरणगावातल्या खोल्यांतून मात्र माणसे पटापट मरत होती. नारायणराव रुग्णांच्या सेवेत राहिले आणि त्यांच्या उपचारांची व्यवस्था करण्यात गुंतले. अखेर त्याच रोगाने त्यांस गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचा मुंबईत अंत झाला. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्च रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. एकाच विचाराची दोन माणसे, एकाच साथीत, एकाच प्रकारच्या कामात खर्ची पडली.

त्यांच्यामागून त्यांचे काम वाढत गेले. १९०८ साली लोकमान्य टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. सरकारी धोरणाविरुद्ध कामगारांनी केलेला तो मोठा राजकीय संप होता. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या उभारणीत पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ना. म. जोशी यांचा मोठा वाटा होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने प्रौढांच्या कामास आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला, त्याच्या नेत्यांत पुण्याचे एस. एम. जोशी होते. साडेपाच हजार सह्यांचा तो ओहोळ असा वाढत वाढत नदी झाला. २००५ साली भारत सरकारने नारायणरावांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, आणि मुंबईत परळ येथील राज्याच्या श्रमविज्ञान संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

आता आपल्या समाजाविषयी दोन शब्द. नारायणराव माळी होते याचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु साडेपाच हजार सह्यांत माळ्यांच्या किती आणि इतरांच्या किती, हे त्यांनी मोजले नव्हते. ज्या मनुष्याने ज्ञातीची कुंपणे ओलांडून काम केले, त्यास ज्ञातीच्या कुंपणात बसवून हार घालणे हा त्याचा गौरव नव्हे. त्यांच्यावर हक्क सांगावयाचा असेल तर तो त्यांच्या पाच मागण्या पाळून सांगावा लागेल.

दीडशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज दुसऱ्याच्या मळ्यात व गिरणीत राबत होते. आज आपल्यांतील अनेकजण स्वकष्टाने मालक झाले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र आपल्या दुकानातल्या मुलास, मळ्यावरच्या बाईस, गाळ्यातील कारागिरास, घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींना आठवड्याचा एक दिवस पगारासह मोकळा मिळतो काय? त्यांचा पगार वेळेवर होतो काय? मशिनवर कोणाचे बोट गेले तर बरे होईपर्यंत त्याच्या घरची चूल आपण पेटती ठेवतो काय? लहान आस्थापनांपर्यंत कायद्याचा हात पुष्कळदा पोहोचत नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धी हाच कायदा. नोकरी करणाऱ्या बांधवांनीही एवढे ध्यानी घ्यावे, की संपाची हाक ऐकून एक दिवस घरी बसणे म्हणजे संघटना नव्हे. शेजारच्या खात्यातील कंत्राटी मजुराचे गाऱ्हाणे ऐकून घेणे, त्याचे नाव आपल्या अर्जात आपल्या नावाशेजारी लिहिणे, हे नारायणरावांचे काम होते आणि ते अजून संपलेले नाही.

गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यावर आपण दरवर्षी जातो. आमची सर्व सभासद कुटुंबांस विनंती आहे, की यापुढे १० जून हा दिवसही ध्यानात ठेवावा. त्या दिवशी मिरवणूक नको, व्यासपीठ नको. प्रत्येकाने आपल्या घरी व धंद्यात काम करणाऱ्या माणसांची सुट्टी, पगार आणि सुरक्षितता यांचा हिशेब एकदा स्वतःशी मांडावा, आणि उणे असेल ते त्याच महिन्यात भरून काढावे. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे याहून उचित स्मारक आम्हांस तरी दिसत नाही.